बार्बाडोसची रम, अहेरीचा मोह आणि आपली सतरावी प्रतिज्ञा

मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मित्राने व्हिडिओ टाकला. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरची रमची डिस्टिलरी. चकचकीत तांब्याची भांडी, लाकडी पिंपांच्या रांगा, आणि एक काळ्या वर्णाची गाईड तरुणी हसत हसत गोऱ्या पर्यटकांच्या हातात चव घ्यायला छोटे ग्लास देते आहे. खाली मित्राने लिहिले, ‘आपल्या मोहाचं असं कधी होणार? आदिवासी-बहुजनांचा स्वतःचा ब्रँड!’ अर्ध्या तासात त्यावर अंगठ्यांची रांग लागली. मग दुसऱ्याने लिहिले, ‘जयभीमवाल्यांनी दारूचा प्रचार करू नये. बावीस प्रतिज्ञा वाचा. गडचिरोलीत दारूबंदी आहे, ती कडक करा.’ त्यालाही तेवढेच अंगठे. गंमत म्हणजे काही जणांनी दोन्हींना अंगठा दिला होता.

मित्रांनो, ग्रुपवर एवढे लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. माझ्या मते दोघांचेही चुकले आहे. आणि सुरुवातीलाच सांगतो, मी हे एका दारुड्याचा मुलगा म्हणून लिहितो आहे. तेंदूपत्त्याची मजुरी मिळायची त्या दिवशी माझी आई बापाच्या आधी फळीवर पोचायची धडपड करायची. बऱ्याचदा बापच आधी पोचायचा. ही १९९३ च्या आधीची गोष्ट आहे. बाप जी प्यायचा ती हातभट्टीची नव्हती, परवाना असलेल्या दुकानातली, सीलबंद, सरकारला कर भरलेली देशी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी त्या रमकडे पाहू. रम बनते मळीपासून. उसाचा रस आटवून साखर काढली की जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. सतराव्या शतकात बार्बाडोसवर इंग्रजांनी उसाचे मळे लावले आणि त्यात राबायला आफ्रिकेतून माणसे पकडून आणली. साखर युरोपला गेली, मळीची रम झाली. ती रम देऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी माणसे विकत घेतली गेली. मळ्यातल्या गुलामालाही रमचे माप ठरलेले असे, म्हणजे तो उद्या पुन्हा ऊस तोडायला उभा राहील. ज्या ‘माउंट गे’ या नावाच्या डिस्टिलरीत लोक आज कौतुकाने फिरतात, ती आपला इतिहास १७०३ सालच्या एका कागदापासून सांगते. १७०३ मध्ये त्या बेटावर ऊस कोण तोडत होते, हे त्या छोट्या ग्लासात दिसत नाही.

ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ पासून कायद्याने संपली. तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. कोणाला? गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पैसा नाही. उलट ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून त्यांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवून घेतले. ज्यांना सर्वाधिक रक्कम मिळाली त्यांच्यात जॉन ग्लॅडस्टन होता, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप. त्याला एक लाख पौंडांहून जास्त मिळाले. गुलाम हातचे जाणार म्हटल्यावर याच माणसाने कलकत्त्याला पत्र लिहून मजूर मागवले. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजे ब्रिटिश गयानाला पोचली. त्यांत छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी होते. इंग्रजी कागदांत त्यांना ‘हिल कुली’ म्हटले आहे. म्हणजे ज्यांच्या अंगणात मोहाचे झाड होते, त्यांना उचलून उसाच्या मळ्यात आणि रमच्या भट्टीशेजारी नेऊन उभे केले. अहेरीत बसून मला कॅरिबियन बेटांची आठवण यावी, याला एवढे कारण पुरेसे आहे.

आणि आज? त्या माउंट गेची मालकी फ्रेंच कंपनीकडे आहे, जमैकाच्या प्रसिद्ध ‘ॲपलटन’ रमची इटलीच्या कंपनीकडे. गुलामांच्या वंशजांकडे गाईडचा गणवेश आहे. आपल्या मित्राला हवा असलेला ब्रँड तो हाच.

आता मोहाकडे येऊ. अहेरी, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागात मोह म्हणजे फक्त दारू समजणारा माणूस एक तर शहरातला असतो किंवा अबकारी खात्यातला. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात, बाया-पोरे टोपल्या घेऊन अंधारात निघतात. फुले वाळवून ठेवली की पावसाळ्यात पोटाला आधार. बियांचे तेल निघते. देवाला, पूर्वजांना पहिला थेंब मोहाचाच, जन्म असो की मरण. या सगळ्यातला एक भाग दारू आहे, आणि तीच नेमकी कायद्याला दिसली.

इंग्रजांच्या आधी मोहाची दारू गाळायला परवाना लागत नव्हता. इंग्रजांनी गाळण्याचा हक्क लिलावात काढला, कंत्राटदार आणले, मग मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्ट्या केल्या. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये तर खास ‘म्होवरा कायदा’ करून ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. दारूवर नव्हे, फुलावर! कारण उरणच्या मोठ्या भट्ट्यांतली कर भरलेली दारू विकली जायची असेल, तर ठाकूर-कातकऱ्याच्या घरातले मडके फुटले पाहिजे. यात आरोग्याचा विचार शोधून सापडत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलांवरचे निर्बंध राहिले. महाराष्ट्रात आदिवासींना मोहफुले गोळा करण्या-बाळगण्यावरचे निर्बंध सरकारने उठवले ते २०२१ मध्ये. केंद्र सरकारची आधारभूत किंमत वाळलेल्या मोहफुलाला २०२० मध्ये किलोला ३० रुपये झाली, त्याआधी १७.

आणि याच काळात उसाच्या मळीचे काय झाले? साखर कारखान्यांना डिस्टिलऱ्या जोडल्या गेल्या, देशी दारूचा स्पिरिट तिथून निघाला. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना राज्य सरकारने अनुदानाची योजना आणली आणि राजकारण्यांच्या नातलगांची नावे वर्तमानपत्रांत आली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही तेव्हा ऐकायला मिळाले. द्राक्षाची दारू नव्हे, मळीची उद्योग, धान्याची अनुदानपात्र, आणि मोहाची? कलम ६५ खाली गुन्हा. ही उतरंड आपल्याला नवीन नाही. पदार्थ तोच, करणाऱ्याची जात बदलली की नाव बदलते.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून लादलेली नव्हती, त्यामागे गावोगावचे, विशेषतः बायकांचे आंदोलन होते. त्या बायकांची चेष्टा करणारा माझा मित्र नाही. चंद्रपूरच्या बायकांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, तेव्हा कुठे २०१५ मध्ये तिथे बंदी आली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती एका बैठकीत उठवली. महसूल बुडतो, अवैध दारू वाढली, अशी कारणे दिली. चालत गेलेल्या बायकांना कोणी परत विचारले नाही.

पण बंदीची अंमलबजावणी कोणाच्या दारात होते तेही बघा. अहेरीहून प्राणहिता ओलांडली की तेलंगणा, तिथे दुकान उघडे. बाटलीबंद माल नदी ओलांडून येतो, त्यात पैसा मोठा, माणसे मोठी. आणि ठाण्यात बसलेली कोण दिसते? तालुक्यातल्या एका ठाण्याच्या ओसरीत मी एक माडिया बाई पाहिली. दोन डबे सडवा आणि एक ॲल्युमिनियमचे भांडे, एवढा मुद्देमाल. तिला मराठी येत नव्हते, पंचनामा मराठीत. दुसऱ्या दिवशी बातमी आली, ‘मोहसडवा नष्ट, धडक कारवाई’. तीच बाई भामरागडपलीकडे इंद्रावतीच्या पल्याड छत्तीसगडमध्ये राहत असती, तर घरगुती वापरापुरती दारू गाळायची तिला कायद्याने मुभा होती. नदीचा एक काठ परंपरा आणि दुसरा काठ गुन्हा.

‘बावीस प्रतिज्ञा वाचा’ म्हणणाऱ्या मित्राला माझे सांगणे आहे की जरूर वाचू, पण बाबासाहेब पूर्ण वाचू. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी आहे, आणि ती सौम्य शब्दांत नाही. बंदीमुळे दारू घरोघरी गाळली जाऊ लागली, पूर्वी पुरुष पीत होते, आता बायका-पोरेही पिऊ लागली, असा त्यांचा मुद्दा होता. बुडालेला अबकारी महसूल वाचवून तो लोकांच्या उन्नतीला लावावा, हाही. आणि पाचच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात, त्यांनीच आपल्याला सतरावी प्रतिज्ञा दिली, दारू न पिण्याची. यात विसंगती शोधणारे शोधोत. मला ती दिसत नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः उभा राहून घेतो. पंचशीलातले पाचवे शीलही स्वतःच ग्रहण करायचे असते, शिपायाच्या हातून ते घेता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला. तोही दुकाने वाढवणाऱ्या सरकारला केलेला विरोध होता, एखाद्या गरीब बाईच्या मडक्याला नव्हे.

मी सतरावी प्रतिज्ञा पाळतो. माझ्या बापामुळे पाळतो आणि बाबासाहेबांमुळे पाळतो. ती पाळायला मला त्या माडिया बाईला जेलमध्ये पाठवायची गरज वाटली नाही.

मग ब्रँड का नको? मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणायचे ठरवले, अलीराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचत गटांकडून ती बनवून घेतली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या जिल्ह्यातही मोहाच्या कारखान्याचा विषय अधूनमधून निघतो आणि ‘आदिवासींना रोजगार’ हे शब्द लगेच जोडले जातात. माझा प्रश्न सरळ आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्या मडक्यासाठी गुन्हे दाखल केले, त्याचीच मोठी प्रत उद्योजकाने मांडली तर तो वारसा कसा होतो? फुले आदिवासी बाईने ३० रुपयांनी द्यायची, बाटली विमानतळावर विकायची, लेबलवर तिचे चित्र. शिवाय कारखाना दारू गाळेल ती विकायलाच. माझ्या बापाला मारणारी दारू कारखान्याचीच होती. बचत गटाचे नाव लावले तरी परवाना, पाणी, भांडवल, बाजार कोणाच्या हातात आहे ते आधी विचारा.

वाट तिसरी आहे आणि ती कायद्यात लिहून ठेवली आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, नियमन करण्याचा, विक्री-सेवनावर मर्यादा आणण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. मोहफूल हे गौण वनोपज, त्याची मालकी पेसा आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची. म्हणजे देवाला किती, लग्नाला किती, विकायची की नाही, हे ठरवायचे गावाने, आणि सभेत बायका बसलेल्या असताना. ज्या गावाला पूर्ण बंदी हवी त्याने ती करावी, अनेक गावांनी केलीही आहे, आणि तिथे पोलिसांनी गावाच्या ठरावामागे उभे राहावे. ज्या गावाला पूजेपुरती हवी, तिथे ठाण्याचा डंडा नको. बाटलीबंद दारूची तस्करी मात्र कुठल्याच ग्रामसभेची परंपरा नाही, तिथे डंडा हवाच.

आपल्या कार्यकर्त्यांनी यात करायचे काम भरपूर आहे, आणि ते ग्रुपवर होत नाही. कलम ६५ मधल्या बायांना वकील नाही. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा लिहून देणारा माणूस गावात नसतो. मोहाच्या हंगामात व्यापारी आधारभूत किमतीपेक्षा कमी भाव देतो तेव्हा काट्याजवळ कोणी उभे नसते. बौद्ध वस्तीतले आपण आणि टोल्यावरचे गोंड-माडिया यांच्यात या प्रश्नावर कधी एकत्र बैठक झालेली मला आठवत नाही. आपण त्यांना दारुडे समजतो, ते आपल्याला उपदेशक समजतात.

व्हिडिओ टाकणाऱ्या मित्राला मी फोन केला. म्हटले, त्या गाईड पोरीचा पगार किती असेल रे? तो म्हणाला, ते कुठे सांगितलंय व्हिडिओत. मग म्हणाला, बरं, पेसाचे नियम मराठीत आहेत का, पाठव. पाठवले आहेत.