वेगापेक्षा वाट महत्त्वाची

मंडळी, डिसेंबर २०२५ मध्ये 'टोटल वॉर: वॉरहॅमर ४०,०००' या खेळाची घोषणा झाली आणि तेव्हापासून आमच्या घरात या विषयावर बोलायला मला बंदी आहे. :) बायकोचं म्हणणं, आधी येऊ तर दे, मग काय ते बोल. म्हणून इथे लिहितोय. ज्या नातेवाइकांना संगणकावरच्या खेळांशी काही देणंघेणं नाही त्यांनीही थोडं वाचून बघा. विषय ताऱ्यांचा असला तरी मला तो पवनानगरात बसूनच कळलेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'टोटल वॉर' ही इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीची मालिका. पहिला खेळ २००० साली आला, जपानी सामुराईंवरचा. नकाशावर सावकाश डाव मांडायचा, सैन्य हलवायचं, आणि लढाई सुरू झाली की मैदानात उतरून ती प्रत्यक्ष लढायची. आजवर या मालिकेतली सैन्यं जमिनीवरून आणि समुद्रावरून गेली, मग ती खऱ्या इतिहासातली असोत की कल्पनेतल्या जगातली. आता पट आहे आख्खी आकाशगंगा. अशा वेळी बाकीचे लोक चित्रं कशी आहेत, शस्त्रं कोणती आहेत ते बघतात. मला मात्र एकच प्रश्न पडतो. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर जायचं कसं?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षं दूर. व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही हे आइन्स्टाइनने १९०५ मध्येच सांगून ठेवलंय. १९९४ मध्ये मिगेल आल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं, की यानाऐवजी त्याच्याभोवतीचं अवकाशच आकुंचन-प्रसरण पावलं तर हा नियम न मोडताही पल्ला गाठता येईल. पण त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि ती इतक्या प्रमाणात कुठून आणायची ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे खेळ करणाऱ्याला इथे थाप मारावीच लागते. कोणती थाप मारायची यावर सगळा खेळ ठरतो.

आजवरच्या थापांचे ढोबळमानाने तीन प्रकार.

पहिला म्हणजे मोकळं आकाश. कुठूनही कुठेही सरळ रेषेत जा. १९९३ चा 'मास्टर ऑफ ओरायन' असा होता. (या जातीच्या खेळांना 'फोर-एक्स' हे नाव त्याच खेळावरच्या लेखात ॲलन एमरिक यांनी दिलं.) त्यात बंधन इंधनाचं. आपल्या वसाहतीपासून ठरावीक अंतराच्या पुढे जहाज जात नसे. आणि एकदा निघालेलं जहाज, तसं तंत्रज्ञान हाती येईपर्यंत, मध्येच परत बोलावता येत नसे. धनुष्यातून सुटलेला बाण!

दुसरा प्रकार ठरलेल्या वाटांचा. ताऱ्यांमध्ये रेषा आखलेल्या असतात आणि जायचं तर त्या रेषेवरूनच. शेजारचा तारा कितीही जवळ दिसो, रेषा नसेल तर वळसा घाला.

तिसरा प्रकार दरवाज्यांचा. दोन ठिकाणी दरवाजे बांधा, एकातून आत शिरा, दुसऱ्यातून बाहेर पडा. मधलं अंतर शून्य.

आता पवनेच्या काठावर या. धरणाच्या पाण्यापलीकडे तुंग किल्ला समोर दिसतो, हात लांबवला तर लागेल असा. पक्ष्याला जवळच आहे. माणसाला मात्र सगळ्या जलाशयाला वळसा घालून जावं लागतं. पक्ष्याचं ते मोकळं आकाश आणि आपली ती ठरलेली वाट. लोणावळ्याहून आमच्याकडे यायचं तर दुधिवरे खिंड ओलांडायची, नाहीतर कामशेतकडून यायचं. पावसाळ्यातल्या रविवारी पर्यटकांच्या गाड्या त्या खिंडीत अडकल्या की पवनानगर हा एकच रेषा उरलेला तारा होतो! पाहुण्यांना मी आधीच सांगतो, शनिवारी या, नाहीतर सोमवारी या.

खिंडीला महत्त्व येतं ते दुसरी वाट नसते म्हणून. शत्रूला कुठूनही येता येत असेल तर किल्ला बांधायचा कुठे? लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले आहेत तिथे का आहेत? कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला. बोरघाट नसता तर राजमाची हा नुसता एक डोंगर राहिला असता.

२ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत काय झालं ते आठवा. शाइस्ताखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान नेहमीचा बोरघाट सोडून लोहगडाच्या बाजूने कुरवंडे घाटाने खाली उतरला. फौज मोठी, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट रान. खाली खिंडीत शिवाजी महाराजांची माणसं दबा धरून बसलेली. पुढची वाट बंद, मागचीही बंद, आणि प्यायला पाणी नाही. शेवटी रायबागन हिच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. 'स्टेलारिस' खेळणाऱ्या कोणालाही हा डाव दाखवा, तो लगेच ओळखेल.

आता 'स्टेलारिस'चा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा खेळ मे २०१६ मध्ये आला तेव्हा सुरुवातीलाच प्रवासाच्या तीन पद्धतींतून एक निवडता येत असे: मोकळी पण संथ, रेषांवरची पण जलद, किंवा स्वतः केंद्रं बांधून त्यातून उडी मारायची. फेब्रुवारी २०१८ च्या मोठ्या बदलात त्यांनी सुरुवातीची पद्धत सगळ्यांना एकच करून टाकली, रेषांची. दरवाजे आणि लांब उड्या राहिल्या, पण खेळात खूप पुढे गेल्यावर. कारण हेच, की तीन पद्धती एकत्र असल्या तर सीमा, नाकी आणि किल्ले यांना अर्थ उरत नाही. त्यावर केवढा गदारोळ झाला होता! 

कारण मला पटतं. उपाय पटत नाही.

का ते सांगतो. उंबरखिंडीत वाट दोघांना एकच होती, तरी ती दोघांना सारखी नव्हती. मावळ्यांना कुठे उतार आहे, कुठे पाणी आहे, कुठून वर चढता येतं हे पायाखालचं. खानाच्या माणसांना ती नुसती एक रेषा. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजही असेच आले. मुंबईहून निघून, बोरघाट चढून, तोफा आणि बैलांचा मोठा तांडा घेऊन मुंगीच्या पावलांनी तळेगावपर्यंत पोचले. मराठ्यांनी पुढचा मुलूख आधीच उजाड करून ठेवलेला. माघारी फिरले ते वडगावात कोंडले गेले आणि त्यांना तह करावा लागला. तोच घाट, पण तांडा घेऊन चालणाऱ्याला एक आणि घोड्यावर शिधा बांधून निघणाऱ्याला दुसरा. सगळ्यांना एकच चाल दिली की हा फरक पुसला जातो. मग उरतं ते सोंगट्यांचं गणित.

हे ज्यांना नेमकं कळलं होतं ते लोक म्हणजे कॅनडातली कर्बेरोस कंपनी. त्यांचा २००६ चा 'सोर्ड ऑफ द स्टार्स' दिसायला काही फार देखणा नव्हता. पण त्यात प्रत्येक जमातीची चाल वेगळी. माणसं निसर्गाने आखलेल्या रेषांवरून सुसाट जातात, पण रेषा नसेल तिथे अडकतात. तारका जमात कुठेही जाते, मध्यम वेगाने. लीर जमात ताऱ्यांपासून दूर मोकळ्या अवकाशात वेगवान, ताऱ्याजवळ आली की मंद. आणि हायव्हर प्रकाशाच्या वेगालाही पोचत नाहीत. वर्षानुवर्षं रांगत जातात, तिथे दरवाजा उभारतात, आणि मग त्यांचं सगळं सैन्य एका क्षणात दारात हजर! नकाशा एकच, पण शेजारी कोण आणि दूरचं कोण हे प्रत्येकाला वेगळं. यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून कुठल्याही खेळात सापडलेलं नाही.

म्हणूनच नव्या खेळाकडून माझी अपेक्षा मोठी आहे. वॉरहॅमरच्या या जगात (मूळ पटावरचा खेळ १९८७ पासूनचा) फरक आयता तयार आहे. माणसांचं साम्राज्य 'वॉर्प' नावाच्या नरकासारख्या अवकाशातून जातं, पृथ्वीवरून निघणाऱ्या एका दिव्य प्रकाशाचा अंदाज घेत, आणि तरी कधी पोचेल याचा भरवसा नाही. एल्डारींकडे भुयारांचं जाळं आहे, कुठे मोडलेलं, कुठे गुप्त. म्हणजे तेच इथले मावळे! आणि ऑर्क भरकटलेल्या जहाजांच्या सांगाड्यांवर बसून देव नेईल तिकडे जातात. इतका मालमसाला हातात असताना सगळ्यांना एकाच रेषेवर चालवलं तर मी तरी माफ करणार नाही.

आणि दरवाज्यांबद्दल एक. खेळात दरवाजे मिळाले की मी हरखून जातो, पण दहा मिनिटांनी लक्षात येतं की मधले तारे मी बघायचेच सोडलेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मावळात हेच घडलं. वेळ वाचला, अपघाताच्या वेळी माणूस लवकर दवाखान्यात पोचतो, ते सगळं मान्य आहे. पण त्या रस्त्यावरून मनाला येईल तिथे उतरता येत नाही. जाणाऱ्याला मावळ म्हणजे दोन बोगद्यांमधलं हिरवं काहीतरी. वाट कुठून जाते यावर कोणतं गाव गाव राहतं आणि कोणतं नुसतं दृश्य होतं ते ठरतं. खेळात तो एक ठिपका असतो. त्या ठिपक्यावर राहणाऱ्याला विचारा.

माझा भाचा म्युनिकला असतो, रविवारी आम्ही एकत्र खेळतो. पवनानगर ते म्युनिक सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे माझी क्लिक त्याच्याकडे जाऊन परत यायला कमीत कमी ६५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात जास्तच, कारण केबलही सरळ जात नाही, तीही ठरलेल्या वाटेनेच जाते. ताऱ्यांवरून उड्या मारणारे आम्ही दोघे प्रकाशाच्या वेगापुढे असे हात जोडून बसलेले. "मामा, तुझं जहाज अडकलंय," तो म्हणतो. मी म्हणतो, "अडकलं नाही रे, येतंय."

असो. खेळ आला की सवडीने लिहीनच. तोवर ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी या. :)