रिकाम्या टँकचे उद्घाटन

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी आपल्या ग्रंथालयाच्या दाराशी मोठ्या हौसेने फिशटँक बसवण्यात आला. सकाळी पाणी भरले, दुपारी मासे सोडले आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली. दहाव्या दिवशी त्यात एकही मासा उरला नव्हता. तो टँक सध्या जिन्याखाली जुन्या गठ्ठ्यांशेजारी पडून आहे. येत्या वर्षी विद्यार्थी मंडळ तो पुन्हा सुरू करणार असून, त्यात एंजल माशांची पैदास करण्याचा विचार आहे. विचार स्तुत्य आहे. मात्र फीत कापण्याच्या दिवशी त्या टँकमध्ये मासे नसावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मित्रहो, हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. बारावीच्या सुट्टीत पहाटे पेपर टाकून साठवलेल्या पैशांतून मी सुमारे १०० लिटरचा टँक आणि पाच एंजल आणले. "एक दिवस पाणी मुरू द्या, मग बिनधास्त सोडा," असे दुकानदार म्हणाला. त्यात अगदीच खोटे नव्हते. एका दिवसात नळाच्या पाण्यातील क्लोरिन बराचसा उडून जातो. पण तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. आठव्या दिवशी एकच उरला. पाणी मात्र शेवटपर्यंत काचेसारखे स्वच्छ होते! पाणी नितळ दिसते म्हणून ते माशांच्या राहण्याजोगे असतेच असे नाही, हा धडा मला चार जीव गमावून मिळाला.

याचे कारण असे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो; उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो कल्ले जाळतो. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, कारण त्यामुळे माशाचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते त्या मानाने निरुपद्रवी असते आणि थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे दोन्ही प्रकारचे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. नव्या टँकमध्ये ती वस्ती नसते आणि ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून मासे नसतानाच फिल्टर चालू करावा, पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवावे आणि रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. थेंब टाकून रंग पाहण्याची तपासणी-पेटी मिळते. तिच्यात आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. रोज खाद्य पडत असूनही दोन्ही शून्यावर राहिली, की बरेचसे पाणी बदलून मासे सोडावेत. दुसऱ्या खेपेस मी हे सारे केले. चांगल्या चाललेल्या टँकमधला जुना स्पंजही एका मित्राकडून आणून फिल्टरमध्ये ठेवला. आईला हे समजावून सांगू लागलो, तर ती म्हणाली, "अरे, मग विरजणच की ते!" चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने एका शब्दात सांगितले, ते समजायला मला इंग्रजी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन चार रात्री बसावे लागले होते.

कोणी म्हणेल, नदीत मासा सोडताना कोण दीड महिना थांबते? नदीचे पाणी अफाट असते, आणि तिच्या तळाच्या दगडादगडावर ही वस्ती आधीच असते. आणखी एक तोड सांगितली जाते. आधी दोन-चार स्वस्त मासे सोडा, ते तगले तर महागाचे आणा. मला ही तोड निखालस क्रूर वाटते. स्वस्त माशाचा कल्ला कमी जळतो काय?

त्यातून आपल्याला पैदास करायची आहे. एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड कुळातला मासा. (या कुळाचे भाईबंद आपल्याकडेही आहेत, गोव्याचा कालुंदर त्यांतलाच.) नर-मादी नुसते पाहून ओळखणे कठीण. म्हणून सहा पिल्ले एकत्र वाढवावीत आणि जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्यावी. उभ्या पानावर अंडी घातल्यावर दोघेही पंखांनी वारा घालत राखण करतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. माझ्या जोडीने पहिल्या दोन खेपांची अंडी खाऊन टाकली. तिसऱ्या खेपेला चाळीसेक पिल्ले जगली. ज्या पाण्यात मोठा मासा कसाबसा तग धरतो, त्यात पिल्लू तगत नाही.

हे लिहिताना मला माझे पहिले वर्ष आठवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावातून आम्ही तिघे आलो. दिवाळीपर्यंत दोघे परतले. ते माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हते. ग्रंथालयाची चिठ्ठी कशी भरायची, न समजलेले कुणाला विचारायचे, हे मला वरच्या वर्गातल्या एकाने शेजारी बसवून शिकवले. त्या दोघांना तसे कोणी भेटले नाही, एवढाच फरक. 'टिकले नाहीत' म्हणून आपण मोकळे होतो. पाणी तयार होते का, हे मात्र कोणी तपासत नाही.

तेव्हा विद्यार्थी मंडळाला विनंती आहे, की उद्घाटन अवश्य करावे, पण रिकाम्या टँकचे. पाहुण्यांनी चिमूटभर खाद्य टाकावे. शेजारी एक तक्ता लावावा आणि रोजचे आकडे त्यावर कोणीतरी लिहावेत. सहा आठवडे ते काम करायला मी तयार आहे. मासे त्यानंतर आणू.

(द्वितीय वर्ष, कला)