दोन फळ्यांवरचा आयुमु

या अंकात आयुमु हिरानोवर लिहायचं ठरलं, तेव्हा माझा आग्रह एकच होता : फक्त पदकं मोजू नका. वडिलांनी जपानमधल्या मुराकामीत उभारलेल्या स्केटपार्कवर वाढलेला हा मुलगा. हाफपाइप स्नोबोर्डिंगमध्ये २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक रौप्यपदकं मिळवली आणि मग तो स्केटबोर्डिंगकडे वळला. बर्फावर पाय फळीला घट्ट बांधलेले असतात. इथे फळी मोकळी, हवेत निसटली की निसटलीच. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या स्केटबोर्डिंगमध्ये तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही. जेमतेम सहा महिन्यांत बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक होतं.

तिथे पुन्हा स्नोबोर्डवर, हाफपाइपच्या दुसऱ्या फेरीत त्याने ट्रिपल कॉर्क मारली, म्हणजे हवेत तिरक्या अक्षावर तीन कोलांट्या आणि एकूण चार गिरक्या. परीक्षकांनी दिले ९१.७५. हा सरळसरळ अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे. आयुमुने वाद घातला नाही. तिसऱ्या फेरीत त्याच उड्या त्याच क्रमाने, आणखी नेटक्या मारल्या. गुण ९६, आणि सुवर्ण. त्याच्या या सगळ्या वाटचालीवरचा लेख आतल्या पानांत आहे. तो जरूर वाचा.