भंगारात देण्यापूर्वी

माळ्यावर किंवा जिन्याखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या शिवणयंत्राचे चाक एके दिवशी फिरेनासे होते आणि ते भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. पायाने चालणाऱ्या त्या काळ्या, ओतीव लोखंडी यंत्रात मोडलेले असे सहसा काहीच नसते. आतील तेल सुकून डिंकासारखे घट्ट झालेले असते, एवढेच. सासूबाईंनी माहेराहून आणलेले आणि घरातील तीन पिढ्यांचे कपडे शिवलेले यंत्र लोखंडाच्या भावाने जावे, यासारखा तोट्याचा सौदा व्यापाऱ्याच्या घरात तरी होऊ नये. यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राला आवर्जून अपवाद मानले होते.

घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील आहेत. कोकणात यंत्राला गंज खातो. येथे धूळ खाते. उन्हाळ्यात उडणारी बारीक माती तेलात मिसळली की तिचा लेप होतो आणि तो लोखंड घासत राहतो. म्हणूनच तेल भरपूर घालणे म्हणजे यंत्राची काळजी घेणे, ही समजूत या भागात विशेष महागात पडते. प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब पुरेत. बाहेर आलेले तेल लगेच पुसून काढावे. तेलही यंत्राचेच हवे. स्वयंपाकघरातील तेल हाताशी असते खरे, पण खोबरेल हिवाळ्यात गोठते आणि करडईचे तेल तर हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते. याच गुणामुळे ते रंगांत वापरले जाते. अडकलेल्या यंत्रांपैकी कित्येकांचे दुखणे अशाच एखाद्या सदिच्छेतून उद्भवलेले असते.

बंद यंत्र उघडताना प्रथम तेलाला हात लावू नये. पेटीत कोळी, कसर यांनी घर केलेले असण्याचा संभव असतो. मऊ कुंचल्याने त्यांना जपून बाहेर काढावे. यंत्राला मोटर बसवलेली असेल, तर प्लग काढून ठेवावा. नंतर यंत्र तासभर कोवळ्या उन्हात ठेवावे, म्हणजे आतील चिकटा मऊ होतो. प्रत्येक छिद्रात आणि जेथे लोखंडावर लोखंड फिरते तेथे रॉकेलचे थोडे थेंब सोडून चाक हाताने हळूहळू मागेपुढे हलवावे. हे काम देवघरातील दिव्यापासून आणि शेगडीपासून दूर, उघड्या खिडकीशी करावे. मोटरवर रॉकेल पडू देऊ नये. रॉकेल आता सहज मिळत नाही. त्याऐवजी यंत्राचेच तेल घालून रात्रभर ठेवावे आणि दोन-तीन दिवस हाच क्रम चालवावा. चाकावर जोर मात्र करू नये. चाक मोकळे झाले की काळा मळ चिंधीने टिपावा, ताजे तेल घालावे आणि दोरा न ओवता, फूट उचलून यंत्र पाच-सात मिनिटे चालवावे. शेवटी टाकाऊ कापडावर शिवण घालावी, म्हणजे उरलेले तेल त्यात उतरते आणि चांगल्या कापडावर डाग पडत नाही.

सुईखालची पट्टी काढून दात्यांमधील कापसाची लव स्वच्छ करणे बहुतेक घरांत राहूनच जाते. ती लव तेल पिऊन नमद्यासारखी घट्ट बसते. मग दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही, आणि शिवणारी ते हाताने ओढू लागते. त्या ओढीने सुई वाकते, लोखंडावर आपटते आणि मोडते.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जणी बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळतात. दोष मात्र बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. फूट खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसत नाही. म्हणून फूट उचलून दोरा पुन्हा ओवावा, आणि मगच खालच्या ताणाचा विचार करावा. डबी दोऱ्याने लोंबकळत धरावी. हलका झटका देताच ती थोडी खाली सरकून थांबली, तर ताण योग्य समजावा. सुईच्या ज्या बाजूला लांब खाच असते, त्या बाजूने दोरा ओवायचा, हेही पुष्कळदा विसरले जाते.

मलमलीला 11 क्रमांकाची सुई पुरते. पाणी गाळण्याच्या दुहेरी गाळण्याची किनार मुडपताना 14, तर सामायिकाच्या जाड आसनाला 16 किंवा 18 क्रमांकाची सुई घ्यावी. बोथट सुई शिवताना टकटक आवाज करते. तो ऐकू येताच ती बदलावी. तिची किंमत वाया गेलेल्या कापडापेक्षा कितीतरी कमी असते.

चामड्याचा पट्टा सैल पडून चाकावर घसरू लागला की त्याला तेल लावण्याचा मोह टाळावा. त्याने तो अधिकच घसरतो. तारेचा आकडा सोडवून पट्टा अर्धा इंच कापावा, नवे छिद्र पाडावे आणि आकडा पुन्हा पकडीने दाबून बसवावा.