शिकवावे आणि बोलते व्हावे

ज्याला विषय ठाऊक आहे त्याला तो चारचौघांत सांगता आलाच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. व्यवहारात मात्र निराळेच दृष्टीस पडते. आमच्या दाभोळास आंब्याचा लहानसा व्यापार करणारा गृहस्थ नुसत्या वासावरून अढी तयार झाली की नाही हे सांगेल. पण त्यालाच सभेत उभे करा, की घसा कोरडा पडतो. मग त्याच्या मालाविषयी दलाल बोलतो, आणि भावही दलालच ठरवितो. तेव्हा हा प्रश्न केवळ लाजेचा नव्हे, तोट्याचा आहे.

यावर उपाय म्हणून कित्येक जण भाषण पाठ करतात. परंतु पाठ केलेले भाषण म्हणजे उसने पागोटे. वारा सुटला की उडाले! आमच्या मते खरा उपाय अध्यापन हा होय. विद्या चार प्रकारे उपयोगी पडते, असे पतंजलीने महाभाष्यात सांगितले आहे: गुरूपासून घेताना, स्वतः घोकताना, दुसऱ्यास शिकविताना आणि व्यवहारात. त्याच्या मनातील व्यवहार यज्ञकर्माचा असला, तरी शिकविणे व्यवहाराच्या आधी येते हा क्रम दुकानदारानेही ध्यानात धरावा.

याची साक्ष आमच्याच दापोली तालुक्यात आहे. मुरूडचे धोंडो केशव कर्वे स्वभावाने संकोची. 1891 पासून 1914 पर्यंत त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविले. 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर निधीसाठी ते गावोगाव हिंडले, आणि 1929 साली, सत्तरी उलटल्यावर, परदेशीही संस्थेचे कार्य सांगावयास निघाले. ते फर्डे वक्ते नव्हते. शांतपणे समजावून सांगणारे शिक्षक होते, आणि तेवढे पुरले.

व्यापारातील उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. तेही प्रथम मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकच. पुढे त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा ठिकाणी वक्तृत्व काय कामाचे? गिऱ्हाइकास आधी शिकवावे लागते, मग माल खपतो.

शिकविण्याने भीती का जाते? भाषण करणाऱ्याचे लक्ष 'मी कसा दिसतो' याकडे असते. शिकविणाऱ्याचे 'याला कळले का' याकडे. लक्ष आपल्यावरून उठले, की कंपही ओसरतो.

म्हणून आरंभ घरातच करावा. रविवारी अर्धा तास घरच्या दोन मुलांना समोर बसवून, आंबा देठासकट का उतरवावा एवढेच शिकवावे. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागाळते, हे फळ हाती देऊन दाखवावे. मुले 'का?' म्हणून विचारतील. त्या प्रश्नांना कंटाळू नये, कारण सभेतही तेच प्रश्न येतात. उत्तर ठाऊक नसेल, तर 'पाहून सांगतो' असे स्वच्छ म्हणावे. त्याने पत जात नाही. पुढे हाच पाठ नव्या गड्यास द्यावा, मग शेजाऱ्यांस. असे दहा-वीस पाठ झाले, की सभा म्हणजे थोडा मोठा वर्गच वाटू लागेल.

वडीलधाऱ्यांस एक विनंती. घरातील सून कोकमाचे आगळ करून विकत असेल, तर गिऱ्हाइकाशी तिच्या वतीने आपण बोलू नये. तिला धाकट्या नणंदेस ते शिकवू द्यावे, आणि त्या वेळी मध्ये बोलू नये. पुढे बचत गटाच्या बैठकीत ती आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडाने सांगेल.