जोड्याची बाजू

भांडणात माणसाचा हात पायाकडे का जातो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. पायात इमानेइतबारे चालणारी वस्तू उपसायची आणि ‘जोड्यानं हाणीन’ म्हणून ओरडायचं! त्यात हाणणाऱ्याचाच एक पाय अनवाणी पडतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. मारायचंच तर छत्री आहे, काठी आहे. पण काठीनं नुसतं लागतं. जोड्यानं म्हणे अपमान होतो. माझं म्हणणं, अपमान होतो तो जोड्याचा.

मराठीनं या गरिबाला नावं तरी किती दिली! संस्कृतातल्या ‘उपानह’ची वहाण झाली, पादत्राणाचं पायताण. फारसीनं पायपोस दिला, पोर्तुगिजांनी सपाता, इंग्रजांनी बूट. हल्ली ‘शूज’ आलेत आणि शिकलेली माणसं ‘माझा एक शूज सापडत नाही’ म्हणतात. आपल्या ‘जोडा’ शब्दात मात्र दोन्ही पाय पहिल्यापासून आहेत. म्हणून तर तो लग्नातही चालतो. जालन्यातल्या एका मांडवात अक्षता पडल्यावर वरमावशी म्हणाल्या, ‘जोडा कसा लक्ष्मीनारायणाचा!’ आणि पंगतीत पोळ्या संपल्या तेव्हा त्यांच्याच यजमानांनी आचाऱ्याला जोडा दाखवला. मांडव तोच, शब्द तोच!

इंग्रजांचं बघा. आमच्या जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथं आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. पुढं तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि त्याच्या पसंतीच्या उंच बुटांना त्याचंच नाव पडलं. पावसाळ्यात आपण ज्याला गमबूट म्हणतो, त्याला तिकडं अजून ‘वेलिंग्टन’ म्हणतात. १८१५ साली वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा हा गडी, बुटाला नाव गेलं म्हणून काही लहान झाला नाही. आपल्याकडं एखाद्या आमदाराचं नाव चपलेला देऊन पाहा. दुसऱ्या दिवशी चौकात ‘जोडे मारा’ आंदोलन, आणि तेही त्याच चपलांनी!

तसे आपण पायातल्या वस्तूचे वैरी नाही. भरतानं रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवल्या. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका दर आषाढीला पालखीतून पंढरीला जातात. तिथं मीही डोकं टेकतो. मग वस्तूत कमीपणा कुठला? संतांच्या पायाची असली की पालखी, आणि शिवणाऱ्याच्या हातात असली की विटाळ, हा हिशेब मांडला कुणी? संत रोहिदासही जोडेच शिवत होते. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले पाय जपले, त्यांनाच आपण जोड्यांशेजारी दाराबाहेर उभं केलं. जोड्याची शिवी हासडली की ती समोरच्याला लागो न लागो, शिवणाऱ्याच्या हाताला नक्की लागते.

आणि ती ‘पायातली वहाण पायातच बरी’! सून दोन शब्द बोलली की ही म्हण बाहेर येते. सालगडी बाजेवर टेकला की पुन्हा येते. म्हणणाऱ्यानं एकदा वैशाखात पऱ्हाटीच्या सडांतून अनवाणी चालून यावं. बांध गाठेपर्यंत वहाण डोक्यावर घ्यायला तयार होईल! जिच्यावाचून पाऊल टाकवत नाही, तिलाच खालची म्हणायचं?

माझी मागणी फार नाही. ‘जोडे झिजवणं’ ठेवा. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हाच्या औरंगाबादच्या वाटेवर झिजणारे जोडे जालन्यातच झिजू लागले. झिजतो जोडा, दाखला मिळतो आपल्याला. ‘बापाचा जोडा मुलाला आला’ ठेवा. ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही’ हेही ठेवा. अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेलं की त्याची प्रचीती येते. ती वहाणेची म्हण तेवढी मोडीत काढा. आणि राग आलाच तर तोंडानं भांडा. तोंडाला तेवढं काम आहे, जोड्याला चालायचं आहे.