सुगंधी तेलाचे वेष्टन : शेतावर पारख झाल्यावाचून स्वीकारू नये

वेष्टनाकडून माल राखवून घ्यावा, ही कल्पना नाशिक भागातील द्राक्ष बागायतदारांना नवी नाही. निर्यातीच्या पेटीत द्राक्षांवर जो कागद ठेवतात, त्यातील सोडियम मेटाबायसल्फाइट पेटीतील ओलाव्याने भिजून सल्फर डायऑक्साइड वायू सोडते व तो वायू करड्या बुरशीस आळा घालतो. हेच काम वनस्पतींच्या सुगंधी तेलांकडून, आणि तेही कुजून मातीत मिळणाऱ्या वेष्टनाच्या द्वारे, करून घेण्याचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांतून चालू आहेत. प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु प्रयोगशाळेतील यश म्हणजे शेतकऱ्याच्या पेटीतील यश नव्हे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

या वेष्टनाची कृती अवघड नाही. पिष्ट, जिलेटिन, फळांचा गर किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचे द्रावण करून त्यात थोडे ग्लिसरीन व शेकडा एकदोन भाग तेल घोटावयाचे आणि ते पातळ थरात सुकवावयाचे, म्हणजे पापुद्रा तयार होतो. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, गवती चहातील सिट्राल ही द्रव्ये जंतूच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते झिरपते करतात. आतील क्षार बाहेर पडतात व जंतू मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सफरचंदाच्या गराच्या पापुद्र्यात ओरेगॅनो, गवती चहा व दालचिनी यांची तेले निरनिराळी मिसळली होती. पोटाचे विकार करणाऱ्या ई. कोलाय जंतूंवर ओरेगॅनोचे तेल सर्वांत प्रभावी ठरले. ओरेगॅनो ही भूमध्य सागराकाठची, ओव्याशी गुणाने जवळीक असणारी वनस्पती होय.

येथवर सर्व ठीक आहे. अडचण पुढे येते. जंतू काचेच्या बशीत असता जेवढे तेल पुरते, तेवढे प्रत्यक्ष खाद्यपदार्थावर पुरत नाही. पनीर, खवा यांसारख्या पदार्थांतील स्निग्धांश तेलास आपल्यात ओढून घेतो व जंतूंच्या वाट्यास थोडेच उरते. तेल वाढवावे, तर वास वाढतो. ओव्याचा वास येणारी स्ट्रॉबेरी महाबळेश्वरच्या बाजारातही कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही! शिवाय ही तेले उडून जाणारी आहेत. पापुद्रा सुकवितानाच काही भाग उडतो. पुढे तापलेल्या गोदामात माल पडून राहिल्यास आणखी उडतो, आणि नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

‘कुजणारे’ या शब्दाविषयीही सावध असावे. पिष्टाचा पापुद्रा ओल्या मातीत लौकर विरतो. मात्र त्याच गुणामुळे ओल्या फळाच्या डबीत तो मऊ पडतो. मका किंवा उसापासून बनविलेले पॉलिलॅक्टिक आम्लाचे वेष्टन पाण्यास टिकते, पण ते लौकर कुजण्यास सुमारे ५८ ते ६० अंश सेल्सिअस उष्णता सतत राखणारा खताचा कारखाना लागतो. बांधावर टाकल्यास ते साध्या प्लॅस्टिकप्रमाणेच दीर्घकाळ पडून राहील.

म्हणून हे वेष्टन त्याज्य आहे असे नव्हे. ज्या मालास मसाल्याचा वास मानवतो, त्यावर त्याची परीक्षा आधी घ्यावी. नाजूक फळांवर मागाहून. मात्र ठेचलेले फळ वेगळे काढणे, सकाळच्या थंडाव्यात तोडणी करणे, स्ट्रॉबेरी शून्य अंशाच्या जवळपास थंड करणे, या गोष्टींची उणीव कोणतेही तेल भरून काढणार नाही. ज्या गावी शीतगृह नाही तेथे या वेष्टनावर पैसा घालविणे म्हणजे गळक्या घागरीस कल्हई करणे होय.

विक्रेता आल्यास कार्यकर्त्यांनी त्याच्याकडून प्रात्यक्षिक मागावे. एकाच दिवशी, एकाच वाफ्यातून तोडलेला माल तीन प्रकारच्या डब्यांत भरावा : नेहमीच्या, तेलाविना पापुद्र्याच्या आणि तेलयुक्त पापुद्र्याच्या. तिन्ही एकाच जागी ठेवून रोज बुरशीची फळे मोजावीत व वहीत टिपावीत. तेलाविना पापुद्र्याची डबी वगळू नये. ती नसेल तर गुण तेलाचा की नुसत्या झाकणाचा, हे उमगणार नाही. शेवटी नेहमीच्या व्यापाऱ्यास तिन्ही डब्यांतील फळे चाखावयास द्यावीत आणि प्रत्येकीचा दर त्याच्याकडून विचारून वेष्टनाच्या किमतीशेजारी लिहून ठेवावा.